विल्यम केरी आणि त्यांचे कुशल सोबती

विल्यम केरी यांचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा वाचक आमच्या मंडळ्यांत क्वचितच असेल. उपासनेत, शब्बाथ शाळेत, उपदेशकांच्या वर्गात त्यांचे चरित्र वारंवार सांगण्यात येते, व ते बहुधा एकाच रीतीने सांगण्यात येते. एक गरीब चांभार होता. जोडे शिवता शिवता तो लॅटिन, ग्रीक व हिब्रू या भाषा शिकला. पुढे तो हिंदुस्थानात आला, आणि त्याने सुमारे 40 भाषांत देवाचे वचन छापून प्रसिद्ध केले. हे ऐकून श्रोते माना डोलावितात व पुढचे गीत सुरू होते. परंतु प्रिय वाचकहो, यातील "छापून" या शब्दापाशी आपण क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. छापण्याची विद्या केरीसाहेबांस येत नव्हती. पोलादावर अक्षर कसे कोरावे, शिसे कसे ओतावे, खिळे कसे जुळवावे, कागद कसा करावा, यांपैकी एकही काम ते शिकलेले नव्हते. ज्यांस ही कामे येत होती ते कोण, केरीसाहेबांस ते कसे लाभले, आणि त्यांच्याविषयी केरीसाहेबांनी कोणते मन धरिले, हा त्यांच्या चरित्राचा भाग फारसा कोणी सांगत नाही. तोच आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केरीसाहेबांचा जन्म इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात, 17 ऑगस्ट 1761 रोजी झाला. वडील एडमंड हे मागावर कापड विणीत असत. पुढे त्यांस गावच्या शाळामास्तरची जागा मिळाली. मुलास झाडे, पाखरे व किडे यांचा मोठा नाद होता. त्याने शेतीचे काम करावे असा विचार होता, पण त्याच्या कातडीस असा काही विकार होता की ऊन लागताच अंगाची आग होई. तेव्हा सावलीत बसून करावयाचा धंदा पाहणे भाग पडले, व चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास क्लार्क निकल्स नावाच्या जोडे करणाऱ्याकडे उमेदवार ठेविले. त्याच दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा उमेदवार होता. रांपी व आरी चालविता चालविता हा वॉर धर्माविषयी बोलत असे. त्याच्याच चिकाटीने केरी प्रार्थनासभेस जाऊ लागले व पुढे प्रभूकडे वळले.

केरीसाहेबांच्या हातचे जोडे कसे होते याविषयी दोन प्रकारच्या गोष्टी सांगतात. कोणी म्हणतात की त्यांच्या एका मालकाने त्यांचा एक जोडा नमुना म्हणून दुकानात ठेविला होता. कोणी म्हणतात की त्यांस एकाच मापाचे दोन जोडे कधी साधले नाहीत. खरे काय असेल ते असो. केरीसाहेब स्वतः मात्र या बाबतीत मोठेपणा सांगणारे नव्हते. पुष्कळ वर्षांनी, ते गव्हर्नर जनरलच्या पंक्तीस बसलेले असता, एका सेनाधिकाऱ्याने शेजाऱ्यास हळूच विचारिले की हे पूर्वी जोडे करीत असत ना. केरीसाहेबांच्या कानी ते गेले, व त्यांनी लागलीच सांगितले की जोडे करणारा नव्हे, फाटके जोडे सांधणारा होतो.

केटरिंग गावी टॉमस गॉच नावाचे जोड्यांचे मोठे व्यापारी होते. केरी त्यांच्यासाठी काम करीत व तयार माल पाठीवर घालून त्यांच्याकडे पोहोचवीत. असे सांगतात की एके दिवशी गॉच यांनी विचारिले, या कामात तुला आठवड्यास किती सुटतात. नऊ-दहा शिलिंग, असे उत्तर मिळाले. तेव्हा गॉच यांनी सांगितले की यापुढे माझे चामडे खराब करू नकोस; तू आपला अभ्यास कर, दहा शिलिंग मी दर आठवड्यास देत जाईन. आम्हांस या गोष्टीत गॉच यांच्या औदार्याइतकेच त्यांच्या नजरेचेही नवल वाटते. या माणसाचा हात चामड्यासाठी नाही हे त्यांनी ओळखिले, आणि ते ओळखून त्यास टाकून दिले नाही.

पुढील हकिकत पुष्कळांस ठाऊक आहे, म्हणून आम्ही ती थोडक्यात सांगतो. केरी लहानशा मंडळीचे पाळक झाले. इ.स. 1792 च्या मे महिन्यात नॉटिंगहॅम येथे त्यांनी तो प्रसिद्ध उपदेश केला, व त्याच वर्षी 2 ऑक्टोबर रोजी केटरिंग येथे एका विधवाबाईच्या घरी जमलेल्या पाळकांनी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स वर्गणी लिहून बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापिली. इ.स. 1793 च्या जून महिन्यात केरी, त्यांची पत्नी डॉरथी, लेकरे, मेहुणी, आणि टॉमस नावाचे वैद्य, असे सर्वजण डेन्मार्कच्या एका जहाजावर बसून बंगाल्याकडे निघाले.

निघण्यापूर्वी इंग्लंडातच एक लहान गोष्ट घडली. विल्यम वॉर्ड नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणाशी केरींची गाठ पडली. वॉर्ड यांचा जन्म डार्बी येथील. वडील सुतार होते, ते लवकर वारले. मुलाने छापखान्यात राहून तो धंदा पुरा आत्मसात केला व वर्तमानपत्र चालविण्यापर्यंत मजल नेली. केरींनी त्यास सांगितले की देवाच्या कृपेने काही वर्षांनी पवित्र शास्त्राचे भाषांतर तयार होईल, तेव्हा ते छापावयास तुमच्यासारखा मनुष्य आम्हांस लागेल. विचार करा, केरींस त्या वेळी बंगाली भाषेचा गंध फारसा नव्हता. पाय अजून बंगाल्याच्या भूमीस लागला नव्हता. तरी आपल्यास काय येत नाही, आणि ते कोणास येते, हे त्यांनी निघतानाच मनात टिपून ठेविले. वॉर्डनेही तो शब्द विसरून टाकिला नाही.

बंगाल्यातील पहिली सहा वर्षे फार कठीण गेली. मुलगा पीटर हगवणीने वारला. डॉरथीबाईंच्या मनावर असा आघात झाला की त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. पोटासाठी केरीसाहेबांनी मालदा भागात मदनावती येथे उडनी नावाच्या सज्जन गृहस्थांच्या निळीच्या कारखान्यावर नोकरी धरिली. दिवसा कारखाना व रात्री भाषांतर, असा क्रम चालला. रामराम बसू या मुनशींच्या साह्याने नव्या कराराचे बंगाली भाषांतर होत आले. इ.स. 1798 मध्ये कलकत्त्यास एक लाकडी छापयंत्र विकावयास निघाले, ते उडनीसाहेबांनी विकत घेऊन मिशनास देणगी दिले. मदनावतीस ते उभे केले तेव्हा गावचे लोक पाहावयास लोटले, आणि केरीसाहेब त्याविषयी इतक्या हर्षाने बोलू लागले की लोकांनी ठरविले, ही साहेबांची मूर्ती असावी.

परंतु ही मूर्ती मुकीच राहिली. यंत्र होते, भाषांतर होते, आणि छापणारा नव्हता.

येथे वाचकांस थोडी माहिती देणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व गोष्ट तिच्यावर आहे. त्या काळी छापावयाचे अक्षर असे करीत. प्रथम पोलादाच्या बारीक कांबीच्या टोकावर ते अक्षर उलटे कोरावयाचे. यास ठसा म्हणत. मग ठसा तापवून कठीण करावयाचा व तांब्याच्या तुकड्यावर ठोकावयाचा, म्हणजे तांब्यात अक्षराची खोच उमटे. हा झाला साचा. त्या साच्यात पातळ केलेले शिसे ओतले की एक खिळा तयार होई, व एका साच्यातून असे हवे तितके खिळे निघत. खिळे झिजले तर पुन्हा ओतता येत, परंतु ठसा हा मूळ. एकेक ठसा कोरावयास कसबी माणसाचे दिवसच्या दिवस जात. इंग्रजीचे काम थोडक्यांत भागते, कारण त्यात अक्षरे 26. आमच्या बालबोध लिपीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे मिळून असे ठसे शेकड्यांनी लागत. केस सरकला तर अक्षर बिघडे. ज्यांनी कधी सोनारास बारीक नक्षी करताना पाहिले आहे त्यांस हे काम काय असेल याची कल्पना येईल.

अशी विद्या त्या वेळी सबंध बंगाल्यात फार थोड्यांच्या हाती होती. चार्ल्स विल्किन्स नावाचे कंपनीचे अधिकारी होते, त्यांनी इ.स. 1778 मध्ये हुगळी येथे हॅल्हेडसाहेबांचे बंगाली व्याकरण छापिले तेव्हा बंगाली अक्षरांचे ठसे केले, आणि त्या कामात त्रिवेणी गावच्या पंचानन कर्मकार यांस हाताशी धरून शिकविले. कर्मकार म्हणजे लोहार. आम्ही येथे या लोहारास अहोजाहो करितो याचे काही वाचकांस नवल वाटेल. जुन्या लेखांतून अशा कारागिरांचा उल्लेख एकेरीच येतो. परंतु ज्यांच्या हातावर देवाच्या वचनाची अक्षरे घडली त्यांस एकेरी म्हणावयास आमची लेखणी धजत नाही.

आता वॉर्ड यांच्याकडे वळू. इ.स. 1799 च्या ऑक्टोबर महिन्यात वॉर्ड, मार्शमन व आणखी दोन मिशनरी बंगाल्यात आले. कंपनी सरकार मिशनऱ्यांस आपल्या मुलखात थारा देत नसे, म्हणून ते कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी सेरामपूर येथे उतरले. (हे आपल्याकडील श्रीरामपूर नव्हे.) ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाचे होते, व तेथील गव्हर्नर बी यांनी त्यांस प्रेमाने आश्रय दिला. वॉर्ड मदनावतीस जाऊन केरींस भेटले. केरीसाहेबांनी मदनावतीजवळ नुकतीच आपली जागा घेतली होती, पैसा गुंतविला होता. तरी ते सर्व सोडून 10 जानेवारी 1800 रोजी ते छापयंत्रासह सेरामपुरास येऊन राहिले. काही दिवसांतच यंत्र उभे राहिले. वॉर्ड स्वतः खिळे जुळवू लागले, आणि 18 मार्च 1800 रोजी मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला छापील कागद त्यांनी केरींच्या हाती दिला. इंग्लंडात झालेल्या त्या बोलण्यास सात वर्षे होत आली होती.

वॉर्ड यांचे आणखी एक उपकार आहेत, ते छापखान्याहूनही नाजूक आहेत. केरीसाहेबांची मुले त्या वेळी हाताबाहेर जात चालली होती. आई मनाने आजारी, बाप अभ्यासात बुडालेला व स्वभावाने इतका सौम्य की रागे भरणे त्यास साधत नसे. फेलिक्स पंधरा वर्षांच्या घरात आला होता. वॉर्डनी या मुलांस उपदेशाचे लांब धडे दिले नाहीत. त्यांनी त्यांस छापखान्यात आपल्या शेजारी उभे केले. हातास काम मिळाले, एक वडीलधारा दिवसभर जवळ राहिला, आणि मुले बदलली. 28 डिसेंबर 1800 रोजी हुगळी नदीत केरीसाहेबांनी दोघांस बाप्तिस्मा दिला : एक कृष्ण पाल सुतार, व दुसरा आपला मुलगा फेलिक्स. कृष्ण पाल यांची गोष्टही हाताचीच आहे. त्यांचा खांदा निखळला होता व तो टॉमस वैद्यांनी बसविला. त्या भेटीतून त्यांच्या अंतःकरणाचे दार उघडले.

इ.स. 1801 च्या आरंभी बंगाली नवा करार पुरा झाला, व 5 मार्च रोजी त्याची पहिली बांधलेली प्रत प्रभुभोजनाच्या मेजावर ठेवून सर्वांनी उपकारस्तुती केली. त्याच सुमारास कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेबांस बंगाली शिकविण्याची जागा मिळाली, व पुढे संस्कृत आणि मराठीही त्यांच्याकडे आल्या. पगार 500 रुपये, नंतर त्याची दुप्पट. सेरामपूरच्या बंधूंनी असे ठरविले होते की सर्वांची कमाई एका पेटीत जमा व्हावी व सर्वांनी एका पंक्तीस जेवावे. केरींचा पगार, मार्शमन पतिपत्नींच्या शाळेचे उत्पन्न, वॉर्डच्या छापखान्याचा नफा, सर्व एकत्र. केरीसाहेब आपल्यापुरते फार थोडे घेत. पंडिताची कमाई मोठी व छापणाऱ्याची लहान, असा भेद त्या पंक्तीत उरला नाही. आमच्याकडे मात्र तो अजून आहे. आम्ही सेमिनरीत ग्रीक क्रियापदे चालविण्यास शिकलो. पण पावसाळ्यात मंदिराच्या कौलांतून पाणी गळू लागले म्हणजे मंडळीतील गवंडीबंधूस हाक मारावी लागते. ते वर चढतात, कौले नीट करून खाली येतात, आणि रविवारी अगदी मागल्या बाजूस दाराशी बसतात. त्यांस पुढे बोलाविले तरी येत नाहीत. ही सवय त्यांस कोणी लाविली हे वाचकांनीच ताडून पाहावे.

पंचानन कर्मकार हे सेरामपूरच्या कामात त्याच आरंभीच्या दिवसांत आले. काही वर्षांनी मिशनरी बंधूंनी आपल्या भाषांतरकार्याचा वृत्तांत छापिला, त्यात त्यांनी मुद्दाम नमूद केले की आम्ही सेरामपुरास स्थिर होताच, विल्किन्ससाहेबांबरोबर काम केलेला तोच कारागीर देवाने आपल्या योजनेने आमच्याकडे आणून दिला. हे वाक्य आम्हांस महत्त्वाचे वाटते. पंचानन ख्रिस्ती नव्हते, व पुढेही झाले नाहीत. तरी या बंधूंनी त्यांच्या येण्यात देवाचा हात पाहिला व तो कागदावर मान्य केला. निवासमंडपाचे काम काढिले तेव्हा परमेश्वराने बसालेल व अहलियाब यांस नावाने बोलावून त्यांच्या हाती कसब घातले, हे आपण निर्गमाच्या पुस्तकात वाचितो. पण तेथे कारागीर इस्राएलापैकी होते. शलमोनाच्या मंदिरासाठी सोराहून हिराम आला, त्याचा बाप परराष्ट्रीय होता. सेरामपूरची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पंचानन त्या एका पेटीच्या व एका पंक्तीच्या कुटुंबात नव्हते. ते मजुरीवर होते. धर्म व जात यांची भिंत दोन्ही बाजूंनी होती. परंतु त्यांस केवळ राबविले नाही. त्यांच्या हाताखाली शिकाऊ माणसे दिली, आणि त्यांनी आपली विद्या लपवून न ठेविता शिकविली. आपल्या देशात किती कसबे बापाबरोबर चितेवर गेली हे पाहता, पंचानन यांच्या या मोकळ्या मनाचे मोल फार आहे. इ.स. 1804 च्या सुमारास ते वारले, तेव्हा त्यांचे जावई मनोहर हे त्या गादीवर बसण्यास तयार होते. सेरामपूरची ओतशाळा पुढे पूर्वेकडील भाषांच्या अक्षरांसाठी दूरवर प्रसिद्ध झाली.

आम्हां मराठी लोकांचा या ओतशाळेशी प्रत्यक्ष संबंध आहे. पंचानन यांनी शेवटल्या दिवसांत बालबोध अक्षरांचे ठसे हाती घेतले होते. केरीसाहेबांचे मराठी व्याकरण इ.स. 1805 मध्ये छापून निघाले ते बालबोध अक्षरांत, कारण मोडीचे खिळे अजून नव्हते. त्या काळी मराठी माणसाचा सर्व व्यवहार, पत्रे, हिशेब, सनदा, मोडीत चाले. तेव्हा मोडीचे ठसे कोरविले, व इ.स. 1810 चा केरीसाहेबांचा मराठी कोश त्या अक्षरांत निघाला. व्याकरणाच्या कामी कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांचे साह्य झाले, व केरीसाहेबांनी ते प्रस्तावनेत मान्य केले. सेरामपूरचे मराठी शास्त्र आमच्या कोकण-देशावरील लोकांच्या तोंडी बसले नाही, त्यातील भाषा आम्हांस परकी वाटली, आणि मुंबईच्या मिशनऱ्यांस ते काम नव्याने करावे लागले, हेही खरे. पण छापील मराठीची वाट तेथून फुटली. पुढे मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी बालबोध अक्षरांस अधिक सुबक रूप दिले, आणि त्याच छापखान्यात लहानपणी काम शिकलेले जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढिला. ज्या वळणाची अक्षरे आमच्या आजोबांनी वाचिली ती अशा हातांची आहेत.

सेरामपूरच्या छापखान्यात शिरले तर काय दिसे, याचे वर्णन वॉर्डनी एका पत्रात केले होते. आत आल्याबरोबर एका लहान खोलीत वॉर्ड स्वतः लिहिताना वा कागद तपासताना दिसत, आणि तेथून सबंध छापखाना त्यांच्या नजरेखाली असे. पुढे पंडित भाषांतर करीत किंवा पहिले छाप सुधारीत बसलेले. पेट्यांतून अरबी, नागरी, तेलुगू, पंजाबी, बंगाली, मराठी, चिनी, उडिया, ब्रह्मी, कानडी, ग्रीक, हिब्रू, इंग्रजी अशी अक्षरे मांडलेली. हिंदू, मुसलमान व देशी ख्रिस्ती शेजारी शेजारी बसून खिळे जुळवीत आहेत, कोणी सोडवीत आहेत. काही जण यंत्रावर कागद ओढीत आहेत. पलीकडे अक्षरे ओतणारे, त्यांच्या पलीकडे शाई करणारे.

11 मार्च 1812 रोजी संध्याकाळी या छापखान्यास आग लागली. सुमारे 200 फूट लांबीची इमारत, आत कागदांच्या थप्प्या. वॉर्ड आपल्या खोलीत होते. धूर दिसताच ते धावले. त्यांनी सर्व दारे-खिडक्या बंद करविल्या, म्हणजे आगीस वारा मिळू नये, आणि छपरास भोक पाडून वरून पाणी ओतविले. काही तास असे गेले, व आग आटोक्यात येईल अशी आशा वाटली. इतक्यात कोणी अविचाराने खिडक्या उघडल्या. वारा आत शिरताच सर्व इमारत पेटली, व मध्यरात्रीपर्यंत छप्पर खाली आले. माणूस एकही दगावला नाही, ही प्रभूची कृपा.

केरीसाहेब त्या दिवशी कलकत्त्यास होते. दुसऱ्या सकाळी मार्शमन यांनी जाऊन त्यांस ही वार्ता सांगितली. त्यांच्या कित्येक वर्षांच्या श्रमाचे हस्तलेख जळाले होते : अनेक भाषांच्या शब्दांचा एक मोठा कोश, पंजाबी व तेलुगू व्याकरणे, आणखी पुष्कळ काही. शिवाय नुकताच आलेला कागद, व अनेक भाषांचे ओतलेले खिळे. नुकसान सत्तर हजार रुपयांच्या घरात गेले. ते सेरामपुरास आले तेव्हा निखारे अजून धुमसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले.

परंतु तोपर्यंत वॉर्ड गप्प बसले नव्हते. ते राख उकरीत होते. छापयंत्रे बाजूच्या भागात असल्याने वाचली होती. आणि ढिगाऱ्याखाली पोलादाचे ठसे सापडले, हजारोंनी, बहुतेक धडधाकट. शिसे वितळून गेले, पोलाद राहिले. पंचानन यांनी व त्यांच्या शिष्यांनी एकेक करून वर्षानुवर्षे जे कोरिले होते ते मूळ तसेच होते. वितळलेले शिसे राखेतून काढून गोळा केले. गावातच एक मोठी वखार नुकतीच रिकामी झाली होती, तिच्यात ओतशाळा बसविली, व ओतारी रात्रंदिवस पाळ्या लावून कामास लागले. थोड्याच आठवड्यांत एका भाषेचे छापणे सुरू झाले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. इंग्लंडातील मंडळ्यांनी नुकसानीची रक्कम इतक्या त्वरेने जमविली की आता पुरे, असे सांगावे लागले. केरीसाहेबांनी पुढल्या प्रभूच्या दिवशी स्तोत्र 46 यातील 10 व्या वचनावर उपदेश केला, आणि मग बसून जळालेले लेख पुन्हा लिहावयास आरंभ केला. लेख पुन्हा लिहिणे त्यांच्या हाती होते. ठसे गेले असते तर ते त्यांच्या हाती नव्हते.

कागदाची कथाही अशीच आहे, ती थोडक्यात सांगतो. देशी कागदास तांदळाची खळ लावीत, त्यामुळे वाळवी तो आवडीने खाई. एक पुस्तक पुरे होण्याच्या आधी त्याचे पहिले फर्मे नष्ट होत. बंधूंनी स्वतःचा कागद करविला, व त्याचा लगदा करण्याचे चाक माणसे पाळीपाळीने पायांनी फिरवीत. पुढे इंग्लंडातील बोल्टन गावाहून 12 घोड्यांच्या ताकदीचे वाफेचे यंत्र मागविले, व इ.स. 1820 मध्ये ते सेरामपुरास चालू झाले. आगीचे यंत्र पाहावयास लोकांच्या झुंडी येत. केरीसाहेबांस त्या यंत्रातले काही करता येत नव्हते.

कोणी असे समजू नये की केरीसाहेबांचे हात सर्वस्वी निरुपयोगी होते. झाडांच्या बाबतीत त्यांचा हात यशाचा होता. सेरामपुरास त्यांनी सुमारे पाच एकरांची बाग केली, देशोदेशींची बी-बियाणे मागवून तेथे लाविली, इ.स. 1820 मध्ये शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी संस्था स्थापिली. आणि त्यांचे मित्र डॉ. रॉक्सबर्ग यांचा हिंदुस्थानातील वनस्पतींवरील ग्रंथ त्यांच्या मरणानंतर छापून काढिला. बागेतील माळी झाडांची लॅटिन नावे घडाघडा सांगत. ज्या मुलास ऊन सोसत नव्हते तो म्हातारपणी बंगाल्याच्या उन्हात बागेत फिरे, याची आम्हांस फार मौज वाटते.

वॉर्ड 7 मार्च 1823 रोजी पटकीने वारले. त्यांचे वय 53 होते. आदल्या दिवसापर्यंत ते कामावर होते असे म्हटले तरी चालेल, इतके ते मरण जलद आले. तेवीस वर्षे हे तिघे, केरी, मार्शमन व वॉर्ड, एका घरच्यासारखे राहिले होते, आणि भांडण झाले तर मिटविण्यात वॉर्ड यांचाच हात पुढे असे. त्याच वर्षी ऑक्टोबरात केरीसाहेब नावेतून उतरताना पडले व कमरेस मोठी दुखापत झाली. दामोदर नदीस महापूर येऊन बागेचीही धूळधाण झाली. बाग त्यांनी पुन्हा लाविली. छापखाना मार्शमन यांच्या मुलाने सांभाळिला. वॉर्ड यांची जागा भरून निघाली असे मात्र कोणी म्हटले नाही. केरीसाहेब 9 जून 1834 रोजी प्रभूच्या ठायी निजले, वय 72 पुरे होऊन. मार्शमन त्यांच्यामागून तीन वर्षांनी गेले.

मनोहर त्यानंतरही काम करीत राहिले. इ.स. 1839 मध्ये एक मिशनरी सेरामपूर पाहावयास गेले असता त्यांस ते ओतशाळेत भेटले. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर त्यांची आवडती मूर्ती होती, कारण तिच्यासमोर बसल्याखेरीज ते कामास हात लावीत नसत, व हे त्यांचे नेहमीचे होते. आणि तिच्यापुढे बसून ते पवित्र शास्त्रासाठी अक्षरांचे साचे कोरीत होते. त्या पाहुण्यांनी हे नवल म्हणून लिहून ठेविले. केरीसाहेबांस हे दृश्य नवे नव्हते; त्यांनी ते अनेक वर्षे पाहिले होते, त्या मनुष्यासाठी प्रार्थनाही केली असेल, आणि त्यास कामावरून कधी दूर केले नव्हते. मनोहर यांनी या कामात सुमारे 40 वर्षे घालविली, आणि त्यांचा मुलगा कृष्णचंद्र त्यांच्या हाताखाली तोच धंदा शिकून तयार झाला.